सीलबंद ड्रमचं तेल

आप्पा,

तुमच्या खोलीतल्या काचेच्या पेटीतल्या तेलाला कुणी हात लावू नये, एवढंच मला सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. तुम्ही गेल्यावर ते करायला मला अकरा दिवस लागले. तुम्ही होतात तेव्हाचे दहा महिने वेगळेच.

काल तुमचा तेरावा झाला. फोटोसमोर कोण काय बोललं मला माहीत नाही. म्हणाले असतील की आप्पांनी अर्ध्या सिडकोला टायपिंग शिकवलं, एकाही लग्नपत्रिकेत कधी चूक राहू दिली नाही. खरंच आहे ते. मी तिथे नव्हतो. मी मस्कतपासून दोन तासांवरच्या एका शेडमध्ये, उघड्या ट्रान्सफॉर्मरवर वाकून तेलाचा नमुना घेत होतो. हातात मोजे होते. इथे मोज्यांशिवाय तेलाला शिवू देत नाहीत. तुमचे हात कोपरापर्यंत तेलात असायचे, आणि ते तेल मी आणलेलं होतं.

आपली पहिली भेट तुम्ही नेहमी चुकीची सांगायचात. म्हणायचात, काश्या माझ्याकडे टाइपरायटर शिकायला आला. मी शिकायला आलो नव्हतो. मी रजेचा अर्ज टाइप करून घ्यायला आलो होतो. अंबडच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये लागून मला तीन-चार वर्षं झाली होती. पेठच्या वरच्या डोंगरातला माणूस, सातवीतून आश्रमशाळा सोडलेला, बायको गावाकडे. अर्ज हाताने लिहिला तर मालक हसेल ही भीती. मला तेव्हा कशाचीही भीती वाटायची. अजून वाटते.

तुमच्याकडे तेव्हा सहा टाइपरायटर आणि एकच कॉम्प्युटर होता. तुम्ही मला त्या कॉम्प्युटरसमोर बसवलंत आणि म्हणालात, अर्ज तुझा, बोटं पण तुझीच लागतील. चार इंग्रजी ओळींना दीड तास लागला. तुम्ही मागे उभे राहून पत्रिकांचे प्रूफ वाचत होता आणि माझं अक्षर चुकलं की नुसते खाकरत होता. अर्ज घेऊन मी निघालो तेव्हा म्हणालात, "उद्या सहाला ये. आता उरलेलं इंग्रजी शिकायचं."

मग मी रोज सहाला यायला लागलो. वर्कशॉप सुटलं की हात रॉकेलने धुवायचे, मग साबणाने, आणि तुमच्याकडे. रेखावहिनी चहा द्यायच्या. तुमची दोघांची लेक तेजू तेव्हा चार वर्षांची, टाइपरायटरच्या रिबनने बाहुलीचे केस काळे करायची. मला त्या खोलीत दुसऱ्या कुणी कधी विचारलं नाही की तू सातवीतून शाळा का सोडलीस. तुम्ही एकदाच विचारलंत, आणि मी सांगितलं तेव्हा तुम्ही मान हलवून पुढचं पान काढलंत. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानायचे कसे, हेही मला कळलं नसतं.

पण मी कॉम्प्युटरबद्दल सांगत होतो.

तुमच्या भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. दिवसभर पीठ उडायचं आणि कॉम्प्युटरचा पंखा ते आत ओढायचा. पावसाळ्यात दमट हवा लागली की त्याची आत कणीक व्हायची. एकदा मी डबा उघडला तर प्रोसेसरवर अर्धी पुरी लाटता येईल एवढा गोळा होता. ऐन लग्नसराईत तीनदा मशीन गेलं. तुम्ही गिरणीवाल्या मावशींकडे तक्रार घेऊन गेलात तर त्या म्हणाल्या, "माझ्या गिरणीला नावं ठेवू नका आप्पा. तुमच्या मशीनलाच भूक लागते." तुम्ही हसत परत आलात आणि वहिनींना तसंच्या तसं करून दाखवलंत.

त्याच आठवड्यात तुम्ही पहिल्यांदा आमच्या वर्कशॉपच्या दारात आलात. सायबर कॅफेत कुठेतरी वाचलं होतं की परदेशात कुणी आख्खा कॉम्प्युटर तेलात बुडवून चालवतो. तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि अगदी हळू, जणू चोरीचं बोलतोय, विचारलंत की तुमचे ट्रान्सफॉर्मर तेलात बुडलेले असतात ना, मग त्यांना पंखा कुठे असतो? मी म्हणालो, तेल वीज नेत नाही, नुसती उष्णता नेतं. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की आयुष्यात माझ्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं. म्हणजे मला काहीतरी येतं, असं.

त्या नजरेमुळेच पुढचं सगळं झालं, आप्पा.

मी तुम्हाला लगेच सांगून टाकलं की तेल माझ्याकडे लागलं. तुम्ही म्हणालात, मालकाला विचार. मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, तो नाय म्हणणार नाय. तुम्ही पुन्हा म्हणालात, घरात पोर आहे, जुनंपानं नको.

"नवीनच असेल ना रे?"

"सीलबंद ड्रमचं, आप्पा."

मालक नाही म्हणाला. रागाने नाही म्हणाला. नवा ड्रम एका ऑर्डरसाठी ठेवला होता, पुढच्या महिन्यात दुसरा आला की ने म्हणाला. एक महिना थांबायचं होतं फक्त. पण मी तुम्हाला 'उद्या' सांगून बसलो होतो. तुम्ही शालिमारच्या बाजारातून माशांची पेटी आणलीसुद्धा होती, दोन फुटांची, आणि तेजू तिच्यात बसून खेळत होती. मला तुमच्यासमोर उभं राहून 'मालक नको म्हणाला' हे सांगायची लाज वाटली. एवढंच. याच्याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, नाही सापडलं.

आवारात एक जुना ट्रान्सफॉर्मर पडला होता. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून भंगारात आलेला, परदेशी बनावटीचा. त्याच्यातून मी चाळीस लिटर काढलं. फिल्टर मशीनमधून तीनदा फिरवलं. तापवून पाणी उडवलं. मग टेस्ट घेतली. तुम्हाला ती टेस्ट मी नंतर दाखवली होती, आठवतं? कपात तेल, तेलात दोन गोळे अडीच मिलिमीटरवर, आणि व्होल्टेज वाढवत न्यायचं, ठिणगी पडेपर्यंत. तीस हजार व्होल्टला पडली तर तेल चालतं. माझं साठवर गेलं. नव्या ड्रमचंही साठच यायचं. आमच्या धंद्यात तेलाला दुसरी परीक्षाच नव्हती. साठ आलं म्हणजे तेल गंगेसारखं. मी खोटं बोललो होतो, पण वाईट तेल दिलं असं मला कधीच वाटलं नव्हतं. उलट मनात म्हणालो, बघ, नव्याच्या तोडीचं केलं.

तुम्ही ते काचेच्या पेटीत ओतताना उजेडाकडे बघून म्हणालात, हे मधासारखं का दिसतं? मी म्हणालो, त्या कंपनीचं तसंच असतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "असू दे. गोड असेल." आणि हसलात.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, आप्पा? हा प्रश्न मी आता विचारतोय, जेव्हा उत्तर यायची सोय नाही.

पेटी भरायच्या आधी आपण ट्रान्सफॉर्मरचं तारेचं वेटोळं वाळवतात तसा मदरबोर्ड दोन दिवस गच्चीवर मलमलच्या फडक्याखाली उन्हात वाळवला. वहिनी म्हणाल्या, पापडांच्या शेजारी ठेवा, राखण एकच होईल. हार्डडिस्कवरून आपलं भांडण झालं. तिच्यावर एक बारीक भोक आहे, ते म्हणजे श्वास घ्यायची जागा, तिथून नळी काढून वर आणू, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणालात, ज्याच्यावर 'बंद करू नका' लिहिलंय त्याच्याशी खेळायचं नाही. डिस्क तुम्ही वर लाकडी पट्टीला टांगलीत. बरोबर तुमचंच होतं. माझं समाधान म्हणून झाकणावर मी आमच्या ट्रान्सफॉर्मरला असते तशी निळ्या खड्यांची बाटली बसवली, आत जाणाऱ्या हवेतलं पाणी शोषायला. पावसाळ्यात खडे गुलाबी व्हायचे आणि वहिनी ते जुन्या तव्यावर शेंगदाण्यांसारखे परतून पुन्हा निळे करायच्या. त्यांना ते फार आवडायचं. तव्यावर रंग बदलताना बघायला शेजारच्या बायका यायच्या.

आणि चालू झालं. बटण दाबल्यावर आतला पंखा तेलात इतका संथ फिरायला लागला की आपण तिघेही वाकून बघत राहिलो. पलीकडे गिरणी सुरू होती, पीठ उडत होतं, आणि मशीनला त्याचं काही नव्हतं. गिरणीची घरघर सोडली तर खोलीत एवढी शांतता पहिल्यांदाच झाली. तुम्ही हळूच म्हणालात, "बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे, एवढंच. पण देवळ्याकडची ही भाषा तुमच्या तोंडी फार खूश झालात तरच यायची.

ती शांतता मला आता ऐकू येते. इथे कंपनीच्या बसमध्ये, चाळीस माणसांच्या गोंगाटात, मधेच ती येऊन बसते.

आठवड्याने तेल वर चढायला लागलं. आपल्याला ते आधी कळेना. पेटी भरलेली तशीच, गळती नाही, पण टेबल ओलं. तेल वायरींच्या आतून चढून बाहेर येत होतं. मॉनिटरच्या मागे थेंब, कीबोर्डच्या वायरीला थेंब. मी वायरींना खाली झोळ देऊन सुती पट्टी बांधली, तरी थोडं यायचंच. तुमच्या कागदांच्या कोपऱ्यांवर पारदर्शक डाग पडायला लागले. तेजूच्या वहीतून मागचं पान दिसायचं. तिने एक प्लॅस्टिकचा मासा पेटीत टाकला होता, तो सहा महिन्यांत लाकडासारखा कडक झाला. वायरीही तशाच झाल्या. आपण हसायचो. तुम्ही काही बदलायचं असलं की बाही सरसावून हात घालायचात, आणि बाहेर काढल्यावर पुसायचात नाही. हिवाळ्यात कोपरं फुटतात, त्यांना चोळायचात. फुकटचं आहे, म्हणायचात.

मी तुम्हाला अडवलं नाही. कसा अडवणार? वर्कशॉपमधला प्रत्येक जण आईच्या गुडघ्यांसाठी बाटली भरून न्यायचा. ट्रान्सफॉर्मरचं तेल सांध्यांना चांगलं, हे आमच्याकडे सगळे धरूनच चालायचे. मीही आईला दिलं होतं. तिचे गुडघे अजून तिला डोंगर चढवतात. ही गोष्ट मी स्वतःला रोज सांगतो. मग आठवतं की तिला दिलेलं खरोखरच ड्रममधलं होतं.

आखातातली नोकरी तुमच्यामुळेच मिळाली, हे सगळ्यांना माहीत आहे. कशामुळे मिळाली, हे आपल्या दोघांनाच. बायोडेटा टाइप करताना मी म्हणालो, शिक्षण दहावी पास लिहा. तुम्ही सातवी लिहिलंत. मी म्हणालो, सगळे तसंच लिहितात. तुम्ही म्हणालात, मग सगळ्यांनी दुसरीकडे टाइप करावं. मी चिडून दोन दिवस आलो नाही. तिसऱ्या दिवशी आलो तर बायोडेटा तयार होता. शिक्षण सातवी, आणि त्याखाली अर्धं पान: मला काय काय येतं. वेटोळं गुंडाळता येतं, तेल तपासता येतं, गाळता येतं, एक मशीन तेलात बसवून तीन वर्षं न थांबता चालवून दाखवलं. ते शेवटचं वाक्य वाचून इथल्या साहेबाने मला बोलावलं. म्हणजे ज्या तेलाबद्दल मी तुमच्याशी खोटं बोललो, त्याच्यावरच माझं घर उभं राहिलं.

आता ते दहा महिने.

गेल्या होळीच्या आसपास आम्हाला इथे एका खोलीत बसवून चित्रं दाखवली. सेफ्टीचा अधिकारी केरळचा होता, सावकाश हिंदीत सांगत होता. काही जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात एक विष असतं. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. कातडीतून आत जातं आणि यकृतात जाऊन बसतं, वर्षानुवर्षं. मी हात वर केला. मला एवढंच विचारायचं होतं की टेस्टला साठ आलं तरी? तो म्हणाला, "ठिणगीची टेस्ट पाणी सांगते, कचरा सांगते. विष सांगत नाही."

मग त्याने नावाच्या पाट्यांची चित्रं दाखवली. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर पितळी पाटी असते, तिच्यावर आत कोणतं तेल आहे ते लिहिलेलं असतं. अमुक शब्द दिसले तर हात लावू नका. आवारातल्या त्या ट्रान्सफॉर्मरवर पाटी होती, आप्पा. मी तिच्यावर पाय ठेवून वर चढलो होतो. तिच्यावर इंग्रजी शब्द होते आणि मला तेव्हा एकेक अक्षर जोडून वाचता यायचं, तुम्हीच शिकवलं होतं. पण कंटाळा केला. अक्षर जोडत बसायचा कंटाळा. भंगारवाल्याने नंतर ती पाटी उपटून नेली.

तेव्हापासून मी ती वाचतोय. बसमध्ये, जेवताना, नमाजाची वेळ झाली की काम थांबतं तेव्हा. डोळ्यांसमोर पितळ येतं, कडेचे चार खिळे येतात, माझ्या चपलेचा चिखल येतो. मग अक्षरं. पहिलं अक्षर ए असावं. कधी वाटतं पी. जोर लावला की अधिकाऱ्याने दाखवलेलाच शब्द तिथे येऊन बसतो, आणि मग मला कळत नाही की मी आठवतोय की स्वतःच लिहितोय.

लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. आज करू, उद्या करू. दिवाळीला मात्र ठरवून केला. कागदावर वाक्य लिहून घेतलं होतं. तुम्ही फोन उचललात तो सतरा नंबरच्या फॉर्मवरूनच सुरू झालात. शाळेबाहेरच्यांना दहावीला बसता येतं, दर वर्षी तुमचं तेच. मी म्हणायचो, आप्पा, आता चाळिशी जवळ आली, कोण बघतंय. तुम्ही म्हणायचात, मी बघतोय. त्या दिवशीही तेच. मग म्हणालात, "आणि ऐक, तुझं तेल अजून चालू आहे. सात वर्षं झाली, एकदा बंद पडलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, सीलबंद ड्रमचं आहे."

कागद माझ्या हातात होता. मी म्हणालो, फॉर्म भरतो आप्पा.

पंधरा-वीस दिवसांनी वहिनींनी सांगितलं की कावीळ झालीय, उसाचा रस चालू आहे. मग पोटात पाणी. ज्या माणसाने दारूचा वास सोसला नाही त्याचं यकृत गेलं. तुमचा आवाज शेवटी फोनवर इतका बारीक झाला होता की मी कार्डातली मिनिटं संपली असं सांगून ठेवून दिला. संपली नव्हती. मला वाटलं, आता सांगितलं तर ते तुमच्यासाठी नसेल, माझ्यासाठी असेल. असं मी तेव्हा म्हणालो स्वतःला. आज विचाराल तर, भ्यालो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

दहाव्याच्या संध्याकाळी मी वहिनींना फोन केला. त्या शांत होत्या. कोण आलं, कोण नाही, कावळा लगेच शिवला, असं सांगत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या की तुमच्या बहिणींनी ते तेल मागितलंय. गुडघ्यांना. आप्पांची आठवणही राहील म्हणाल्या. सटाण्याच्या आत्याला थांबता येणार नव्हतं म्हणून तिने आजच बाटली भरून नेली, बाकीच्यांना तेराव्याला भरून देईन. मी 'हं' म्हणालो. फोन ठेवला आणि पायऱ्यांवर बसून राहिलो.

तुम्हाला आता काही होणार नव्हतं, आप्पा. पण ते तेल पुन्हा वर चढायला लागलं होतं. देवळा, चांदवड, सटाणा. बाटल्यांतून.

अकराव्या दिवशी सांगितलं. सगळं. मालक नको म्हणाला तिथपासून. मी पाटीचं सांगितलं, अधिकाऱ्याचं सांगितलं. असेलच असं नाही हेही सांगितलं, आणि असलं तरी त्यानेच आप्पा गेले असं कुणी सांगू शकत नाही, यकृताला दहा कारणं असतात, हेही. मी फार बोलत होतो. त्यांनी एकच विचारलं.

"दिवाळीला फोन केलास, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो वहिनी."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, लागला नाही.

पुढचं मला तेजूने सांगितलं. बाराव्या दिवशी सकाळी वहिनींनी पेटीवर चादर टाकली, खोलीला कुलूप लावलं आणि पिशवी घेऊन बाहेर पडल्या. घर पाहुण्यांनी भरलेलं. तेरावा व्हायच्या आत उंबरा ओलांडू नये, असं थोरल्या नणंदेने दारात सांगितलं. वहिनींनी चप्पल घातली. ठक्कर बाजारच्या स्टँडवरून सटाण्याची एसटी धरली. कपाळ मोकळं, अंगावर दुखवट्याचं पातळ, आणि लोक बघत होते, असं तेजू म्हणाली. आत्याच्या दारात उभ्या राहून त्यांनी बाटली परत मागितली. आत्या चिडली. दिलेलं परत घेतात का, तेही अशा दिवसांत. वहिनींनी आप्पांचं नाव घेतलं नाही, माझंही घेतलं नाही. खराब आहे एवढंच म्हणाल्या. आत्याला समोर बसवून साबणाने तिचे गुडघे स्वतः धुतले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आल्या.

काल, तेराव्याचं जेवण उठल्यावर, त्यांचाच फोन आला. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं हे आवाजावरून कळत होतं.

"बाटली आणली," म्हणाल्या. "अर्धी होती. बाकीची आत्याने आणि तिच्या शेजारच्या म्हातारीने लावली."

मी काही म्हणणार होतो.

"तू बोलू नकोस. तुझ्याकडे तपासायचं असतं ना काही?"

असतं. त्या अधिकाऱ्याला मी सकाळी सगळं सांगितलं. त्याने माझ्यावर ओरडायला हवं होतं, पण त्याने कपाटातून दोन छोटे डबे काढून दिले. आतल्या नळीत थेंबभर तेल घालायचं, हलवायचं. जांभळा रंग राहिला तर तेल बरं. रंग उडाला तर नाही. पाच मिनिटं लागतात. त्याने रजेच्या कागदावर सहीही केली. मी गुरुवारी निघतो. वहिनी म्हणाल्या की तपासायचं ते त्यांच्यासमोर, बाहेर अंगणात, आणि तेजूलाही उभं करणार आहेत. बाटलीतलंही आणि पेटीतलंही. मग त्या तिघींचं रक्त तपासायचं, तुमची लेक, त्या आणि आत्या. शेजारच्या म्हातारीला कसं समजवायचं ते मी ठरवायचं.

रंग कुठलाही आला तरी तुमचं काय झालं ते कळणार नाही, हे मला माहीत आहे. जांभळा राहिला तर मी सुटलो असं मला वाटेल, आणि तसं वाटण्याचीच मला भीती वाटते. उडाला तर काय वाटेल ते मी मनात आणत नाही.

हे लिहायला मला आजचा अख्खा दिवस लागला. जेवणाच्या सुट्टीत सुरू केलं, आता रात्र झाली. तुम्हाला सांगताना हात थांबला नाही, बघा. दहा महिने जे वाक्य तोंडातून निघत नव्हतं ते तुमच्यासमोर किती वेळा निघालं. तुम्ही मधे विचारत नाही. तुम्ही फोन ठेवत नाही. तुमच्याशी आता बोलणं फार सोपं झालंय, आप्पा, आणि मला ते बरोबर वाटत नाही.

म्हणून हे शेवटचं. नळी हलवली की जे दिसेल ते तुम्हाला मी सांगणार नाही. मी ते वहिनींना सांगेन, त्यांच्याकडे बघून.